खटखट की खडखड?

आठवीच्या वर्गाला मी दरवर्षी अभ्यस्त शब्द शिकवतो. पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक, म्हणजे आवाजाची नक्कल करणारे. यातल्या तिसऱ्या प्रकाराची तोंडी परीक्षा आपल्यालाच गॅरेजमध्ये द्यावी लागेल, असं बी.एड.ला कोणी सांगितलं नव्हतं.

"सर, आवाज कसा येतो?"

"खडखड."

"खडखड म्हणजे पत्रा. पत्रा वाजतो?"

"नाही, मग खटखट. मधूनच टकटक."

"नक्की काय ते ठरवा," म्हणून मिस्त्री चहाला गेले.

आमची गाडी 2008 ची, म्हणजे माणूस असती तर दहावी होऊन बसली असती. या आवाजाला घरात सौ.नं 'कटकट' हा शब्द सुचवला होता. तो गाडीलाच उद्देशून होता, असं मी धरून चाललोय. आधीच्या एका गॅरेजनं तर काही न ऐकताच पुढचे दोन्ही शॉकअप बदलले होते. आवाज तसाच, खिसा तेवढा हलका.

मिस्त्रींनी बॉनेटचा कोपरा अंगाचा भार टाकून दाबला आणि सोडला. गाडी एकदाच वर आली आणि जागच्या जागी बसली. "शॉकअप ठणठणीत आहेत. मोठ्या स्पीडब्रेकरवर वाजते का?"

"नाही! तिथं अगदी गुणी बाळ. पेव्हर ब्लॉकवर वाजते."

"मग लिंक रॉड."

स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं बरोबरीनं उचलली जातात, त्यामुळे त्या दोघांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, म्हणजे स्टॅबिलायझर बारला, पीळ बसत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की बार पिळतो आणि त्याला चाकाच्या बाजूला जोडणाऱ्या लिंक रॉडचा झिजलेला जॉइंट आपटतो. खट! माझं व्याकरण बरोबर होतं, हे मी मिस्त्रींना दोनदा ऐकवलं.

लिंक रॉड जोडीनं बदलले. खटखट गेली आणि इतके दिवस तिच्या आड दडलेली कुईकुई ऐकू येऊ लागली.

मिस्त्री खाली वाकले आणि पिण्याच्या बाटलीतलं पाणी त्यांनी डाव्या लोअर आर्मच्या, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या, रबरी बुशवर ओतलं. कुईकुई बंद. "रबर सुकलंय. आर्म उतरवायचा, की पाऊस पडेपर्यंत थांबायचं?"

मे महिना अर्धा सरला होता. मी मृगावर भरवसा ठेवला.

सध्या सकाळी सौ. तुळशीला पाणी घालते आणि उरलेला तांब्या मी डाव्या चाकामागे रिकामा करतो. तेवढ्यावर गाडी वडगावपासून दांडेकर पुलापर्यंत गप्प जाते. समोरचे आजोबा परवा जाता जाता चाकाला नमस्कार करून गेले.