सरासरी स्थान ११.४

एसईओ, म्हणजे गुगलच्या शोधात आपलं पान वर आणण्याची कला, शिकवणारा प्रत्येक जण शेवटी एकाच सल्ल्यावर येतो: रोज अर्धा तास सराव करा. गाणाऱ्याचं बरं असतं. सूर चुकला की त्याला तिथल्या तिथे कळतं, नाही कळलं तर शेजारी कळवतात. आमच्याकडे आज केलेल्या बदलाचा परिणाम दिसायला कधी काही दिवस लागतात, कधी काही महिने, हे गुगल स्वतःच सांगतं. मधल्या काळात मी त्याच पानावर आणखी इतकं काही करून ठेवलेलं असतं, की यश आलं तर श्रेय कशाला द्यायचं आणि अपयश आलं तर खापर कशावर फोडायचं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येऊ नये.

माझी वेबसाइट घरातल्या कुंड्यांमधल्या झाडांविषयी आहे. सराव म्हणजे एखादं शीर्षक नेटकं करणं, दोन पानं एकमेकांना जोडणं, चित्राला ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे चित्रात काय आहे ते सांगणारी ओळ, लिहिणं. सर्च कन्सोल (आपली साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं साधन) उघडून आकडे बघत बसणं म्हणजे सराव नव्हे, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण अर्धा तास सुरू होतो तो आकड्यांपासून आणि बहुतेकदा संपतोही तिथेच. बरं, तिथले आकडे पूर्ण व्हायला दोन-तीन दिवस जातात. म्हणजे आज सकाळी मला दिसतं ते परवाचं. तरी तेच मी दुपारी पुन्हा उघडतो. मधल्या वेळात परवा बदलला असला तर?

‘मनीप्लांटची पानं पिवळी का पडतात’ या शोधात माझ्या पानाचं सरासरी स्थान ११.४ आहे. निकालांच्या एका पानावर साधारण दहा दुवे असतात. म्हणजे मी दुसऱ्या पानाच्या माथ्यावर आहे, जिथे कोणी फिरकत नाही अशा प्रदेशातला पहिला नागरिक. आणि हेही सरासरीने. कुणाला मी चौथ्या जागी दिसत असेन, कुणाला तिसाव्या. ११.४ या जागेवर प्रत्यक्षात कोणालाच बसता येत नाही, पण ती १०.९ झाली की मी घरभर सांगत सुटतो.

मग ‘एकदा स्वतः बघू’ म्हणून मी खासगी विंडो उघडून तोच प्रश्न टाइप करतो. जागा बदलली, फोन बदलला की निकालही बदलू शकतात, त्यामुळे जे दिसतं त्याचा भरवसा नाही. वर माझा हा शोधही इम्प्रेशन म्हणून, म्हणजे दुवा एकदा कुणाला तरी दिसला म्हणून, मोजला जातो. मी स्वतःच्या दुव्यावर क्लिक करत नाही (आत काय लिहिलंय ते मला पाठ आहे), त्यामुळे क्लिकचं प्रमाण घसरतं. त्या घसरणीची चिंता मी दुसऱ्या दिवशीच्या सरावात करतो.

शोधनिकालात शीर्षकाखाली दोन ओळी येतात, त्या मेटा डिस्क्रिप्शनचा सराव तर विचारू नका. दीडशे-एकशेसाठ अक्षरांत वाचकाला ओढून आणेल असं काहीतरी रचायचं. मी शब्द फिरवतो, क्रियापद पुढे घेतो, मोठ्याने वाचून बघतो. गुगलला ते पटलं नाही तर ते पानातलंच एखादं वाक्य उचलून तिथे लावतं. माझ्या एका पानाखाली कितीतरी दिवस झळकत होतं: ‘असो. आता मूळ मुद्द्याकडे वळू.’

या धंद्यात जुनं शिकलेलं विसरण्याचाही सराव लागतो. मेटा कीवर्ड टॅग (पानाच्या कोडमध्ये भरलेली शोधशब्दांची यादी) आपण रँकिंगसाठी वापरत नाही, असं गुगलने २००९ मध्येच जाहीर केलं. तरी तो टॅग भक्तिभावाने भरणारी माणसं मला अजून भेटतात. २०११ मध्ये पांडा नावाचा गुगलच्या अल्गोरिदममधला बदल आला आणि फुसका मजकूर खाली गेला. २०१२ मध्ये पेंग्विन आला आणि विकतच्या दुव्यांवर उभे असलेले इमले कोसळले. २०१३ मध्ये हमिंगबर्ड. निदान कोणता प्राणी चावला ते तेव्हा सांगता यायचं. आताच्या मोठ्या बदलांना नुसतं ‘कोअर अपडेट’ आणि महिन्याचं नाव. वर्षातून काही वेळा तो येतो, पूर्ण व्हायला अनेकदा दोन-तीन आठवडे घेतो, आणि तुमचं पान खाली गेलं तर गुगलचं म्हणणं असं, की पानात काही खोट असेलच असं नाही. हे सांत्वन आहे की टोमणा, यावर माझं अजून ठरलेलं नाही. ‘क्रॉल केलं, सध्या इंडेक्स केलेलं नाही’ हा सर्च कन्सोलमधला शेराही त्याच शिष्टाचारातला. पान वाचलं, शोधाच्या यादीत घेतलं नाही, पुढचं विचारू नका.

एक मात्र खरं. या सगळ्या उठाठेवीत लोक काय टाइप करतात याची यादी रोज नजरेखालून जाते, आणि ती वाचण्यासारखी असते. ‘मनीप्लांट पिवळा’. ‘मनीप्लांट पिवळा पाणी जास्त की कमी’. ‘मनीप्लांट पिवळा पण मी पाणी घालतच नाही’. ‘झाड मेलंय हे कसं ओळखायचं’. एकेका ओळीमागे कुंडीपुढे उभा असलेला, एका हातात फोन धरलेला माणूस दिसतो. आणि त्याच्यापुढे येणारी पानं सुरू कशी होतात? ‘मनीप्लांट ही मूळची फ्रेंच पॉलिनेशियातल्या मोरेआ बेटावरची वेल आहे.’ ज्याच्या घरात मनीप्लांट मरतोय त्याला मनीप्लांट म्हणजे काय हे सांगायची गरज नसते. बहुतेकदा पाणी जास्त झालेलं असतं, हे पहिल्या ओळीत सांगावं. बेट नंतर. एवढी एक गोष्ट रोजच्या वाचनाने माझ्या हाताला लागली, आणि मला वाटतं ती अल्गोरिदमच्या अर्ध्या उपदेशाहून जास्त कामाची आहे. तरी गुगल म्हणतं, की रोजच्या शोधांपैकी सुमारे १५ टक्के शोध त्याआधी कधीच कोणी केलेले नसतात. त्यांचा सराव कसा करायचा, हे कोणीच शिकवत नाही.

घरच्यांना वेगळाच त्रास आहे. बायकोने ‘उशीर का झाला?’ विचारलं की मी सांगतो, ‘उशीर होण्याची प्रमुख कारणं.’ घरच्या ग्रुपवर टाकलेल्या निरोपालाही मी मोठ्या अक्षरांत शीर्षक देतो. मुलगी परवा म्हणाली, ‘बाबा, उत्तर पहिल्या परिच्छेदात द्या, मी खाली स्क्रोल करणार नाही.’ पोरगी शिकवणी न लावता एसईओ शिकली.

आणि आता हे बघा. झाडांशी बोललं तर ती वाढतात का, यावर मी कधीतरी घाईत काही लिहून टाकलं होतं. कीवर्ड शोधला नव्हता, डिस्क्रिप्शन नव्हतं, ऑल्ट टेक्स्टचा पत्ता नव्हता. ते पान गेले कित्येक महिने पहिल्या जागी आहे. चालत्या पानाला हात लावू नये, असं जाणकार सांगतात. मी लावणारही नाही. फक्त त्या शीर्षकात एक स्वल्पविराम हवा होता, असं मला कालपासून वाटतंय.