डोक्यावर विग, त्याच्यावर कर्ज

बॅरिस्टरच व्हा. सीए, डॉक्टर, कलेक्टर काय, गल्लोगल्ली होतात, नावाआधी ‘बॅ.’ लागण्यात जी ऐट आहे ती त्यांच्या नशिबी नाही. बॅ. नाथ पै, बॅ. अंतुले, बॅ. बाबासाहेब भोसले. माणूस कोर्टात किती उभा राहिला याची चौकशी आपल्याकडे कुणी करत नाही, ‘बॅ.’ पुरतं. 1961च्या अ‍ॅडव्होकेट्स कायद्यानंतर भारतात सगळेच वकील अ‍ॅडव्होकेट झाले. तेव्हापासून लंडनहून आणलेल्या या बिरुदाचा खरा उपयोग लग्नपत्रिकेत. पण तुम्हाला तिथेच राहून, इंग्लंडात, फौजदारी वकिली करायची आहे म्हणता. उत्तम. मग नीट ऐका.

सगळ्यांत आधी जेवायला शिका. लंडनमध्ये चार ‘इन’, म्हणजे बॅरिस्टरांच्या जुन्या संस्था, आहेत: लिंकन्स, ग्रेज, इनर टेंपल आणि मिडल टेंपल. त्यांतल्या एकीचं सभासद झाल्याशिवाय बॅरिस्टर होता येत नाही, आणि पूर्वी सभासदाचं मोठं कर्तव्य म्हणजे तिथल्या हॉलमध्ये ठरलेली जेवणं पुरी करणं. गांधीजी इनर टेंपलला होते तेव्हा चौघांमागे वाइनच्या दोन बाटल्या मिळत. ते पीत नसल्यामुळे त्यांना आपल्या चौकडीत ओढायला चुरस असे. आता व्याख्यानं, चर्चासत्रंही हजेरीत धरतात. अभ्यासाने शेवटी तिथेही शिरकाव केलाच. वागणूक मात्र जपा. सावरकर परीक्षा पास झाले तरी 1909 मध्ये ग्रेज इनने त्यांना बॅरिस्टर करायचं नाकारलं. त्याच ग्रेज इनने 1922 मध्ये आंबेडकरांना बॅरिस्टर केलं आणि 2021 मध्ये त्यांच्या नावाची खोली उघडली. खोलीला 99 वर्षं लागली, तेव्हा कसलीही घाई करू नका.

बार कोर्सला दहा हजार पाउंडांच्या वर फी भरा. पास व्हा, इनमध्ये समारंभ होईल, फोटो काढा, बॅरिस्टर झालो म्हणून घरी कळवून टाका. अजून प्रॅक्टिस करता येत नाही, एवढं सांगायची गरज नाही. त्यासाठी ‘प्युपिलेज’ लागतं, म्हणजे कुणा अनुभवी बॅरिस्टरच्या मागे वर्षभर फिरणं. पहिले सहा महिने फक्त बघायचं, पुढचे सहा बोलायचं. कोर्स करणारे दरवर्षी दोनेक हजार आणि प्युपिलेजच्या जागा पाच-सहाशे. उरलेल्यांचं काय होतं हे विचारू नये, अशुभ असतं.

तुम्हाला जागा मिळालीच असं धरू. लगेच विग घ्या. घोड्याच्या केसांचा, पाचशे पाउंडांच्या पुढचा. सोबत काळा पत्र्याचा डबा, त्यावर सोनेरी अक्षरांत तुमचं नाव. नवा विग पांढराशुभ्र दिसतो आणि त्यावरून तुम्ही कालचं पोर आहात हे शिपायालाही कळतं. जुना, पिवळा पडलेला, कडेने उसवलेला विग म्हणजे अनुभव. म्हणून तो धुऊ नका. दिवाणी आणि कौटुंबिक कोर्टांतून विग 2008 मध्येच गेला; जिथे खरा पैसा आहे तिथले लोक आता बोडक्या डोक्याने कमावतात. फौजदारीत मात्र विग टिकून आहे. काहीतरी टिकायला हवंच.

आता तुमचा मालक. तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक आहात, तुम्हाला मालक नाही, हे सगळीकडे सांगत चला. चेंबर्सचा, म्हणजे बॅरिस्टर मिळून चालवतात त्या ऑफिसचा, क्लार्क तुम्हाला अदबीने ‘सर’ किंवा ‘मिस’ म्हणेल, आणि उद्या तुम्ही कुठे जायचं ते तोच ठरवील. संध्याकाळी साडेपाचला त्याचा निरोप येतो: उद्या मेडस्टोन, दहा वाजता. मूळ बॅरिस्टरचा दुसरा खटला लांबलाय, ब्रीफ, म्हणजे खटल्याची कागदपत्रं, तुमच्याकडे. पानं चारशे. रात्री दोनपर्यंत वाचा, पहाटे गाडी धरा, कोर्टाखालच्या कोठडीत जा. तिथे कळतं की तुरुंगाची गाडी अजून आलेली नाही. साडेअकराला ती येते आणि तुमचा अशील तुम्हाला आपादमस्तक न्याहाळून विचारतो, “माझा वकील कुठाय?” रागावू नका. तो पाहतोय तो तिसरा चेहरा आहे, पहिल्या दोघांच्या नावांचीही त्याच्या डोक्यात सरमिसळ झालेली असते. दहा मिनिटांत त्याचा विश्वास संपादन करा. मग वर येऊन बसा, कारण आज तुमच्या खटल्याला कोर्टच नाही; एखादं रिकामं झालं तर बोलावतील. चार वाजता सांगतात, पुढल्या वर्षी या. गंभीर गुन्ह्यांच्या क्राउन कोर्टात तुंबलेले खटले 2024 मध्ये सत्तर हजारांच्या वर गेले होते, त्यात तुमच्या एकाने काय बिघडतं? बचावाच्या वकिलाला सरकारकडून येणारी फी खटला संपल्यावर मिळते, म्हणजे तीही पुढल्या वर्षीच.

मधल्या काळात मॅजिस्ट्रेट कोर्टात चकरा मारा. एका हजेरीचे 50-75 पाउंड, त्यातून रेल्वेचं तिकीट वजा करा. उरलंच तर चेंबर्सचा हिस्सा असतो. अंगातल्या गाऊनला पाठीमागे एक छोटीशी पिशवी शिवलेली असते. जुन्या काळी बॅरिस्टर पैसे मागत नसत, अशील गुपचूप त्या पिशवीत टाकून जाई, अशी आख्यायिका आहे. ती शिवण अजून काढलेली नाही. अधूनमधून हात घालून बघत जा.

कामाला नाही म्हणायची सोय नाही. ‘कॅब-रँक’ (टॅक्सीचा थांबा) नावाचा नियमच आहे: तुमच्या क्षेत्रातलं काम असेल, तुम्ही मोकळे असाल आणि फी रीतसर असेल, तर अशील कितीही नकोसा असो, घ्यायचा. बोरिवली म्हटलं की मान फिरवणारा आपला काळी-पिवळीवाला या धंद्यात एक दिवस टिकणार नाही. (हा नियम मला मनापासून आवडतो, हे उपरोध बाजूला ठेवून सांगतो. ज्याच्यावर सगळा गाव थुंकतोय त्याच्याही बाजूने कुणीतरी उभं राहतं ते यामुळेच.) समोरच्या बॅरिस्टरला ‘माय लर्नेड फ्रेंड’ म्हणा, पण त्याच्याशी हस्तांदोलन करू नका, रिवाज नाही. दुपारी कॅन्टीनमध्ये दोघं मिळून हसताना अशिलाला तेवढे दिसू नका.

पैशांची कुरकुर करायची झाली तर 2022 चा किस्सा पाठ करून ठेवा. फौजदारी बॅरिस्टरांच्या संघटनेने तेव्हा आकडा दिला होता: पहिल्या तीन वर्षांत खर्च वजा जाता साधारण 12,200 पाउंड वर्षाला. किमान वेतनावर पूर्णवेळ कॉफी विकणारा याहून जास्त कमावतो. बिचाऱ्याला विग नसतो एवढंच. मग संप झाला. सुरुवात कशाने? एप्रिलमध्ये त्यांनी ठरवलं की सहकाऱ्याच्या हातून सुटलेलं ब्रीफ आता घ्यायचं नाही. बस. साडेपाचच्या निरोपाला नकार. सप्टेंबरात बेमुदत बंद. तुमच्यावर अशी वेळ आली तर गाऊन-विगसकट ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी कोर्टाबाहेर उभे राहा, फोटो झकास येतात. सरकारकडे फीत पंचवीस टक्के वाढ मागा, पंधरा घ्या, आणि चेहरा विजयी ठेवा. जमेल तुम्हाला. पाच वर्षांची शिक्षा तीनवर आली की अशिलाचं याच चेहऱ्याने अभिनंदन करायचं असतं.