उंदरांच्या किडनीचा दाखला देऊन कॅप्सूल अर्धी करू नका

गेल्या आठवड्यात माजलगावात माझ्या मेडिकलवर एक मामा आले. अ‍ॅमॉक्सिसिलिनची कॅप्सूल उघडून अर्धी पूड त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून ठेवली होती. कारण मोबाईलवर आलेला मेसेज: "उंदरांवर सिद्ध झालंय, अँटिबायोटिकचा मोठा डोस किडनी जाळतो. डोस तोडून थोडा थोडा घ्या. ताप उतरला की बंद करा." नंतर आणखी तिघांनी तोच मेसेज दाखवला, म्हणून लिहायला बसले.

उंदरांवरचे प्रयोग खोटे नाहीत. पण ते प्रामुख्याने जेंटामायसिन, अमिकासिन या गटावरचे आहेत. ही औषधं पोटातून जवळजवळ शोषलीच जात नाहीत, म्हणून ती सुईनेच द्यावी लागतात. मामांची कॅप्सूल या गटातली नाही.

"मोठा डोस" म्हणजे केवढा? किडनीला इजा व्हावी म्हणून उंदराला वजनाच्या किलोमागे रोज 40 ते 100 मिलिग्रॅम जेंटामायसिन देतात. माणसाला साधारण 5 ते 7.

आता "तोडून घ्या". इथे तर मेसेज प्रयोगाच्या बरोबर उलटा आहे. दिवसाचा एकूण डोस तेवढाच ठेवून तो उंदराला दोन-तीन वेळा विभागून दिला, तर एकदाच दिलेल्यापेक्षा किडनी जास्त खराब होते. किडनीत रक्त गाळलं जातं, आणि गाळलेलं औषध बारीक नळ्यांतून जाताना तिथल्या पेशी ते आत ओढतात. हे काम मेगॅलिन नावाचं प्रथिन करतं, पण त्याची ताकद ठरावीक. मोंढ्यात एकदम शंभर गाड्या आल्या तरी हमाल तेवढेच, उरलेला माल आल्या वाटेने पुढे जातो. दिवसभर एकेक गाडी येत राहिली तर सगळी पोती आत उतरतात. तसंच एकदम दिलेल्या डोसचा बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो. आत गेलेलं औषध मात्र पेशीच्या लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीतला कचरा पचवणाऱ्या बारीक पिशव्यांत, साचतं, तिथे चरबीचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे चढत जातात आणि शेवटी पेशी मरते. मेगॅलिन नसलेल्या उंदरांत हे औषध किडनीत साठतच नाही. म्हणूनच माणसांनाही ही सुई बहुतेकदा दिवसातून एकदाच देतात.

अ‍ॅमॉक्सिसिलिनचं गणित वेगळं आहे. ते रक्तात पुरेसं किती वेळ टिकतं, यावर जंतू मरतात. म्हणून दर आठ तासांनी, पण पूर्ण कॅप्सूल. अर्ध्या पुडीने ती पातळी पुरेसा वेळ टिकेलच असं नाही.

"ताप उतरला की बंद" हे मेसेजने ठरवायचं नाही. किती दिवस घ्यायचं ते आजारावर असतं, डॉक्टरांना विचारा.

किडनीची काळजी असेल तर आपल्याकडे खरी भीती दुसरीच आहे. मे महिन्याच्या उन्हात पाणी न पिता दिवसभर राबायचं, अंग दुखलं की डायक्लोफेनॅक घ्यायची, आणि त्यातच जेंटामायसिनची सुई. पाणी कमी पडलेल्या शरीरात ही दोन्ही एकत्र आली की किडनीवर मोठा ताण येतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायाबापड्यांकडे या गोळ्यांची पाकिटं मी कायम बघते, आणि माझा जीव धास्तावतो.

मामांची पुडी मी काउंटरवर ठेवून घेतली. विचारलं, "मामा, कंबरेसाठी काही चालू आहे का?" त्यांनी खिशातून डायक्लोफेनॅकचं अर्धं पाकीट काढलं. डॉक्टरांना ते त्यांनी सांगितलंच नव्हतं.