‘इन्सुलिन वाढलं नाही, म्हणजे चरबी साठली नाही’ हे गणित चुकतं कुठे

साखरेने इन्सुलिन वाढतं, इन्सुलिनच चरबी साठवतं, स्निग्ध पदार्थांनी ते हलत नाही, तेव्हा ते हवे तेवढे खा, असा दावा सगळीकडे फिरतोय. त्यातलं पहिलं वाक्य खरं असल्याने पुढचंही पटून जातं. निरोगी प्रौढांपुरतं बोलायचं तर एकेक मुद्दा असा.

‘स्निग्ध पदार्थांनी इन्सुलिन हलत नाही.’ नुसतं लोणी खाल्लं तर फारसं हलत नाही, खरंय. पण नुसतं लोणी कोण खातं? स्निग्धांश लहान आतड्यात पोचला की तिथल्या के-पेशी जीआयपी नावाचं संप्रेरक (हार्मोन) सोडतात आणि आय-पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचं. रक्तात ग्लुकोज चढलेलं असेल तर जीआयपी स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं. कोलेसिस्टोकायनिन जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतं. म्हणून पावाला लोणी लावलं की ग्लुकोजचा चढ उशिरा येतो आणि बुटका दिसतो, पण इन्सुलिन त्याच प्रमाणात घटेल असं नाही. दंडावर चिकटवलेल्या, सतत ग्लुकोज मोजणाऱ्या सेन्सरची सपाट रेषा पाहून खूश होणारे इथेच फसतात. सेन्सर फक्त ग्लुकोज मोजतो. इन्सुलिन त्याला दिसत नाही, आणि स्निग्ध जेवणानंतर तीन ते पाच तासांनी सर्वात वर जाणारे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबीही नाही.

‘इन्सुलिन चढल्याशिवाय चरबी साठत नाही.’ अख्खा दावा यावर उभा आहे, आणि हेच चूक आहे. चरबीपेशींतून मेद सुटणं मंदावायला इन्सुलिन फार लागत नाही. उपाशीपोटीच्या पातळीपेक्षा थोडं वर गेलं तरी पुरतं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १६ पुरुषांना १४-१४ दिवस गरजेपेक्षा ५० टक्के जास्त खायला दिलं, एकदा जादा भाग स्निग्धांशाचा, एकदा कर्बोदकांचा. जादा स्निग्धांशातली ९० ते ९५ टक्के ऊर्जा शरीरात साठली, कर्बोदकांतली ७५ ते ८५ टक्के. जादा कर्बोदकं आली की शरीर ती जास्त जाळू लागतं. जादा मेदाच्या बाबतीत तसं जवळजवळ होतच नाही.

भुकेबद्दलचा दावाही असाच फसतो. आहार-संशोधक केविन हॉल यांच्या गटाने २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात २० प्रौढांना दोन आठवडे कमी-स्निग्ध वनस्पतिजन्य आणि दोन आठवडे कीटोजेनिक (स्निग्धांश भरपूर, कर्बोदकं अगदी कमी) आहार दिला, हवं तेवढं खायची मुभा ठेवून. कमी-स्निग्ध आहारावर इन्सुलिन जास्त चढलं, तरी खाणं कीटोजेनिकपेक्षा रोज सरासरी ६८९ किलोकॅलरींनी कमी झालं. दोन आठवड्यांवरून आयुष्यभराचा निकाल देता येणार नाही, पण ‘इन्सुलिन चढलं की भूक वाढतेच’ हे विधान यापुढे टिकत नाही.

‘फ्रुक्टोजने इन्सुलिन वाढत नाही, म्हणून ते सुरक्षित.’ २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सामान्य वजनाच्या १२ स्त्रियांना जेवणासोबत एक दिवस ग्लुकोजचं पेय दिलं, एक दिवस फ्रुक्टोजचं. फ्रुक्टोजच्या दिवशी इन्सुलिन कमी राहिलं, हे खरं. पण भूक आवरणारं लेप्टिनही कमी राहिलं, भूक लावणारं घ्रेलिन नीट दबलं नाही आणि ट्रायग्लिसराइड वाढले. जेवणानंतर इन्सुलिन चढून दोन-तीन तासांत उतरणं हे निरोगी शरीराचं रोजचं काम आहे, त्याला आजार समजू नये. (हा प्रयोग गोड पेयांचा, अख्ख्या फळाला तो जसाच्या तसा लावू नका.)

‘कर्बोदकं सोडली की शरीर साखर जास्त चांगली हाताळतं.’ कर्बोदकं जवळपास बंद केलेल्या निरोगी माणसाची ग्लुकोज सहनशक्ती चाचणी (ग्लुकोज पाजून नंतर रक्तातली साखर मोजणं) केली तर साखरेचा आकडा बऱ्याचदा उलट जास्तच येतो. रक्तात मेदाम्लं भरपूर असतात, स्नायू ग्लुकोज कमी उचलतात, आणि इन्सुलिनचा पहिला झटका मंद झालेला असतो. हा मधुमेह नव्हे, तयारीतली चूक आहे. चाचणीआधी तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं खा, रात्रभर म्हणजे निदान ८ तास उपाशी राहा, २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यातलं ७५ ग्रॅम ग्लुकोज ५ मिनिटांत संपवा आणि पुढचे दोन तास बसून राहा. कर्बोदकं सोडली असतील तर रक्त देण्याआधीच डॉक्टरांना तसं सांगा.