शी-हल्कचे सव्वादोनशे किलो गेले कुठे?

शी-हल्क ही मार्व्हल कॉमिक्सची हिरवी, महाबलाढ्य नायिका; एरवी ती जेनिफर वॉल्टर्स नावाची साधी बाई असते. मार्व्हलच्या पात्रमाहितीत जेनिफरची उंची ५ फूट १० इंच आणि वजन १४० पौंड दिलेलं आहे, म्हणजे साधारण साडेत्रेसष्ट किलो. शी-हल्क झाल्यावर उंची ६ फूट ७ इंच आणि वजन ७०० पौंड, म्हणजे ३१७ किलो. अंगाची ठेवण तीच ठेवून नुसती उंची वाढवली, तर वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं. ७९ इंच भागिले ७० इंच, त्याचा घन साधारण १.४४. म्हणजे त्याच बांध्याची, फक्त उंच झालेली जेनिफर भरेल ९१ किलोच्या आसपास. उरलेले सव्वादोनशे किलो मांड्यांत, पाठीत, मानेत, कुठेतरी दिसायला हवेत. तिच्यावरच्या २०२२ च्या मालिकेत ते दिसत नाहीत. दिसते ती हिरव्या रंगाची, उंच, बऱ्यापैकी व्यायाम केलेली बाई. आणि हे शरीर संगणकावर घडवलेलं होतं, त्यामुळे ‘अभिनेत्रीने एवढं अंग कमवायचं कसं?’ ही सबबही इथे चालत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. सुपरहिरोईनची ताकद तिच्या शरीरात दिसलीच पाहिजे. मात्र बलवान नायिकेला स्नायू दाखवावेत की नाही या वादात आपल्या बाजूचे लोक बहुतेक वेळा जे कारण देतात, ते मला पटत नाही.

ते कारण म्हणजे वास्तववाद: एवढी ताकद असेल तर तेवढे स्नायू हवेतच. पण हिशेब करून बघा. माणसाचा स्नायू आडव्या छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरमागे साधारण २५ न्यूटन, म्हणजे अडीच किलोच्या आसपास जोर लावतो. त्यात सांध्यांची रचना ताकदीसाठी तोट्याचीच आहे. दंडाचा स्नायू कोपरापासून जेमतेम ४ सेंटिमीटरवर हाडाला जोडलेला असतो आणि वजन असतं ३०-३२ सेंटिमीटर लांब, तळहातात. कोपर काटकोनात ठेवून १० किलोची बादली धरली, तर स्नायूंना ७५-८० किलोचा ताण सोसावा लागतो. या हिशेबाने दीड टनाची गाडी डोक्यावर धरायला माणसाच्या आकारात मावतील एवढे स्नायू पुरणारच नाहीत. सुपरमॅनलाही नाहीत.

तरी सुपरमॅनला आपण कधी काटकुळा पाहिलाय का? त्याची शक्ती पिवळ्या सूर्याची, स्नायूंची नाहीच. गोष्टीच्या दृष्टीने त्याला रुंद छातीची काहीही गरज नाही. ती काढली जाते, कारण चित्र हे आधी डोळ्यांनी वाचायचं माध्यम आहे. शब्द वाचण्याआधी वाचकाला कळलं पाहिजे की हा माणूस बलवान आहे. १९५९ मध्ये आलेली सुपरगर्ल त्याची चुलत बहीण. वंश तोच, सूर्य तोच, शक्ती तीच. त्याला मात्र कपाटाएवढी छाती आणि तिला बहुतेक वेळा शाळकरी पोरीचे हात. ‘तिची शक्ती अद्भुत आहे, स्नायू कशाला हवेत?’ हा युक्तिवाद तिच्यासाठीच काढला जातो, त्याच्यासाठी नाही. माझं भांडण या दुटप्पीपणाशी आहे.

समोरच्या बाजूचा दुसरा युक्तिवाद असतो वेटलिफ्टर मीराबाई चानूचा. बघा, एवढीशी मुलगी, ४९ किलो वजनगट, आणि टोकियोत क्लीन अँड जर्कमध्ये (आधी खांद्यांवर, मग डोक्यावर) ११५ किलो नेले, स्नॅचचे (एका झटक्यात थेट डोक्यावर) ८७ धरून एकूण २०२. मग बारीक बाई बलवान असू शकतेच की! असू शकते, पण मीराबाईचे फोटो नीट बघा. ती लहान आहे, बारीक नाही. मांड्या भरलेल्या, मान आणि खांदे यांच्यामधला स्नायू उंचावलेला, कंबर सरळसोट आणि घट्ट. तिच्या शरीरावर ताकद अगदी ठळक लिहिलेली आहे, फक्त उंची कमी आहे. त्याच ऑलिम्पिकमध्ये ८७ किलोंवरील गटात चीनच्या ली वेनवेनने एकूण ३२० किलो उचलले. त्या दोघींना शेजारी उभं केलं तर बलवान बाई एकाच साच्याची नसते हे लगेच कळतं. पण कॉमिकच्या मुखपृष्ठावर दिसते तशी मुंगीची कंबर दोघींनाही नाही.

कंबर हीच सगळ्यात जास्त चुकणारी जागा. जड वजन उचलताना पाठीचा कणा सरळ धरून ठेवण्याचं काम पोटाचे, बाजूचे आणि कण्यालगतचे स्नायू करतात. ते जाड झाले की कंबर रुंद होणारच. चित्रकार काय करतात, तर जुन्याच बाहुलीला दंडावर दोन फुगवटे चिकटवतात. ते खोटं वाटतं, कारण ताकद दंडातून येत नाही. जमिनीतून पायांत, पायांतून नितंब आणि पाठीत, आणि शेवटी हातात येते. स्त्री-पुरुषांच्या स्नायूंमधला फरकही कमरेच्या वर जास्त आणि पायांत कमी असतो. म्हणून बलवान बाई काढताना आधी मांड्या, नितंब आणि पाठ काढा. मग मान, खांदे, मनगटाकडचा हात. दंड सगळ्यात शेवटी.

पोटावरचे सहा चौकोनही काढू नका. ते ठळक दिसण्यासाठी बाईला अंगातली चरबी खूप कमी करावी लागते; स्पर्धेच्या मंचावरच्या शरीरसौष्ठवपटू तर ती १०-१२ टक्क्यांवर आणतात. तिथे फार काळ राहिलं तर पाळी बंद होते, हाडं ठिसूळ होतात आणि वजन उचलण्याची ताकदही घटते. आपल्याकडे तालमीतला पैलवान ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं सांगायला नको. मान, पाठ, मांड्या भक्कम आणि पोट झाकलेलं. २०२३ मध्ये सांगलीत पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली. संदर्भ हवा असेल तर अशा कुस्त्यांचे व्हिडिओ बघा.

आकाराइतकंच वजनही महत्त्वाचं आहे, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. कोरड्या रस्त्यावर रबरी तळव्याचं घर्षण साधारण ०.८ धरलं, तर ६० किलोची बाई आडवा जोर लावू शकते ४८ किलोंचा. त्यापुढे स्नायू कितीही अमानवी असोत, पाय घसरणार. धावती गाडी हाताने थांबवणारी सडपातळ नायिका पडद्यावर हलकी वाटते, त्याचं कारण हे आहे. प्रेक्षकाला सूत्र माहीत नसतं, पण डोळ्याला चूक कळते. तिचं वजन वाढवता येत नसेल, तर निदान पाय रुतलेले दाखवा, रस्ता तडकलेला दाखवा, धक्क्यानंतर अंग सावरायला दोन क्षण द्या. आणि उंच टाचा काढून टाका. दीड टनाची गाडी डोक्यावर असताना त्या डांबरात घुसतील.

चित्रपटांत अडचण वेगळी आहे, हे मान्य. स्नायू बांधायला वेळ लागतो. नव्याने सुरुवात करणाऱ्या बाईला महिन्याला अर्धा किलो स्नायू वाढला तर उत्तम. त्यासाठी दर आठवड्याला हळूहळू वाढत जाणारं वजन, शरीराच्या किलोमागे १.६ ते २ ग्रॅम प्रथिनं, गरजेपेक्षा दोन-तीनशे कॅलरी जास्त आणि पुरेशी झोप लागते. नॅटली पोर्टमनने २०२२ च्या थॉर चित्रपटासाठी सुमारे १० महिने मेहनत घेतली, आणि तिचे खांदे पाहताच ती मेहनत दिसते. गडबड होते ती ‘टोन्ड’ दिसायला सांगितल्यावर. मग हलके डंबेल, भरमसाट आवर्तनं आणि वर उपासमार. त्यातून बाई दमलेली आणि बारीक होते, बलवान नाही.

आणि वेळ नसेल तर फोम आहे! १९८९ पासून बॅटमनच्या पोशाखात छाती-पोटाचे स्नायू कोरलेले आहेत. पुरुष नटाला जी सोय मिळते ती नटीला द्यायला काय हरकत आहे? खांदे आणि पाठीच्या बाजूंना पातळ थर दिला तरी छायाकृती बदलते. प्रत्यक्षात तिचा पोशाख कमरेत आवळला जातो.

२०१७ च्या वंडर वुमनमध्ये अॅमेझॉन नावाच्या योद्ध्या बायकांच्या सैन्यात बॉक्सर अॅन वुल्फ आणि क्रॉसफिट या व्यायामस्पर्धेतली ब्रुक एन्स होत्या. त्या फळीकडे बघून विश्वास बसतो की या बायकांनी आयुष्यभर तलवार चालवली आहे. पण त्या सगळ्यांत जी सर्वात बलवान, ती डायना, म्हणजे खुद्द वंडर वुमन, सगळ्यांत नाजूक. ती भूमिका करणाऱ्या गॅल गॅडोटच्या अभिनयाबद्दल माझी तक्रार नाही. पण आजूबाजूला खरं उत्तर उभं असताना मधोमध वेगळं उत्तर का ठेवलं, हे मला अजून पटलेलं नाही.

जमतं हे सिद्ध करणारी उदाहरणं आहेत. कॉमिक्स चित्रकार जॅक कर्बीने १९७१ मध्ये बिग बार्डा ही योद्धा नायिका आणली, नवऱ्यापेक्षा उंच आणि रुंद, आणि त्यासाठी तिला कुठे कमी बाईपण दिलं नाही. २०२१ च्या ‘एन्कान्टो’ या अॅनिमेशनपटातली लुइसा बघा. तिची ताकद शुद्ध जादूची, स्नायूंची गरज शून्य. तरी तिला रुंद खांदे, जाड दंड आणि जमिनीत रोवलेले पाय दिले. तिने गाढवं उचलण्याआधीच थिएटरमधल्या सहा वर्षांच्या मुलीलाही कळतं की घरातलं जड काम कोण करतं.