‘तिसऱ्या दिवशी मळमळलं की दिवस गेले’ : एका मेसेजला उत्तर

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज माझ्यापर्यंत तीनदा आला. आधी बचत गटाच्या ग्रुपवर, मग माहेरच्या ग्रुपवर, आणि तिसऱ्यांदा कोल्हापुरात आमच्या राजारामपुरीतल्या दुकानात एका मुलीनं मोबाइल काउंटरवर ठेवून दाखवला तेव्हा. मेसेजचं म्हणणं असं: संबंधानंतर तिसऱ्या दिवसापासून मळमळलं, आंबट खावंसं वाटलं की दिवस गेले समजा. सकाळच्या लघवीत साखर टाका, गुठळ्या झाल्या तर खात्रीच. गर्भ तपासायच्या किटवर एकच रेघ आली तर निर्धास्त राहा. थोडं जरी अंगावरून गेलं तरी ती पाळीच. पाळी लांबली तर तीळ, गूळ, पपई खाऊन पंधरा दिवस वाट बघा. आणि बाळ अंगावर पीत असेल तर काळजीच नको. शेवटी ‘सगळ्या बहिणींना पाठवा’.

मी अठरा वर्षं मेडिकल चालवते. या मेसेजमधली एकही गोष्ट डोळे झाकून मानावी अशी नाही, आणि एक तर जिवावर बेतू शकते.

ती मुलगी दुकान बंद व्हायच्या वेळी आली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, “मावशी, कालपासनं मळमळाय लागलंय. तीनच दिवस झाले. आता काय करू?” रडून डोळे सुजलेले. मी तिला खुर्ची दिली आणि पाळीची तारीख विचारली. ३ तारखेला आली होती, नेहमी तिसाव्या दिवसाच्या आसपास येते. म्हणजे पुढची पाळी २ तारखेच्या सुमारास.

तिसऱ्या दिवशी गर्भामुळे मळमळायला शरीरात तसं काही घडलेलंच नसतं. बीज फळलं तरी ते गर्भाशयाला जोडलेल्या नळीतून सरकत गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला साधारण ६ ते १२ दिवस घेतं. रुजल्यावरच एचसीजी हे हार्मोन रक्तात आणि मग लघवीत उतरतं, आणि किट तेवढंच ओळखतं. मळमळ बहुतेकींना शेवटच्या पाळीपासून मोजलं तर पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, म्हणजे पाळी चुकल्यानंतर. काहींना ती शेवटपर्यंत होत नाही. छाती जड होणं, दमल्यासारखं वाटणं, ओटीपोटात ओढ लागणं ही लक्षणं पाळी यायच्या आधीही अशीच असतात, कारण दोन्ही वेळी प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन वाढलेलं असतं. नुसत्या लक्षणांवरून मलाच काय, डॉक्टरांनाही खात्री देता येत नाही. त्या मुलीच्या पोटात तीन दिवस चिंतेनं धड अन्न नव्हतं, मळमळणारच. मी किटच्या पाकिटावर पेननं लिहून दिलं: ‘२ तारखेला पाळी नाही आली तर ३ ला सकाळी’.

हाच साधा हिशेब आहे. पाळी चुकली की टेस्ट. पाळी मुळातच अनियमित असेल तर शेवटच्या संबंधानंतर २१ दिवसांनी. संबंधानंतर घ्यायची ७२ तासांची गोळी घेतली असेल तर पाळी मागेपुढे होते, पण आठवड्याहून जास्त लांबली तर टेस्ट करायची. लघवी शक्यतो सकाळची पहिली, कारण ती दाट असते. पाकिटावर लिहिलेत तेवढेच थेंब टाकायचे आणि पाच मिनिटांनी वाचायचं. किटवर ‘सी’ आणि ‘टी’ अशी दोन अक्षरं असतात. ‘सी’पाशी रेघ नसेल तर किटच खराब. ‘टी’पाशी वेळेत फिकट रेघ उमटली तरी ती होच धरायची. अर्ध्या तासानं कचऱ्यातून काढून बघितलेली रेघ मात्र धरायची नाही, वाळताना तसा डाग उमटू शकतो.

साखरेचं काय? लघवीत साखर विरघळते की नाही हे साखर किती घातली आणि लघवी किती गरम होती यावर ठरतं. गर्भाचा संबंध नाही. काहीजणी लघवीत टूथपेस्ट टाकून फेस बघतात, त्याचंही तेच, पुरुषाच्या लघवीतसुद्धा फेस येईल.

एक रेघ म्हणजे निर्धास्त, यावर जरा थांबते, कारण यात हुशार बायकाही फसतात. सुरुवातीला एचसीजी दर दोन-तीन दिवसांनी दुप्पट होतं. त्या महिन्यात बीज चार-पाच दिवस उशिरा सुटलं असेल, किंवा रात्रभर पाणी पिऊन लघवी पातळ झाली असेल, तर गर्भ असूनही किटवर एकच रेघ येते. म्हणून पाळी आली नाही तर तीन दिवसांनी, नाहीतर आठवड्यानं पुन्हा करा. तेव्हाही एकच रेघ आणि पाळीचा पत्ता नाही, तर डॉक्टरांकडे जा. थायरॉईड असेल, पीसीओडी म्हणजे बीजकोशाचा त्रास असेल, अजून काही असेल.

आता रक्ताचं. पहिल्या तीन महिन्यांत चार-पाच गर्भवतींतल्या एकीला तरी थोडंफार अंगावरून जातं, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं बाळ सुखरूप असतं. नेहमीपेक्षा कमी, वेगळ्या रंगाचं, एक-दोन दिवसांतच थांबलेलं रक्त पाळी म्हणून मोजू नका, टेस्ट करा. आमच्या गल्लीतल्या एका सुनेला असंच दोन दिवस डाग पडले. “आली गं पाळी,” म्हणून ती कामाला लागली. आठवड्यानं जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन बसली, उजव्या कुशीत कळ, आणि खांदा दुखतोय म्हणत होती. गर्भ नळीत राहिला होता आणि नळी फुटली होती. वेळेत ऑपरेशन झालं म्हणून वाचली. पाळी चुकलेली किंवा टेस्ट हो आलेली, आणि एका बाजूला ओटीपोटात कळ, चक्कर, खांद्याच्या टोकाला दुखणं, यातलं काही असेल तर सकाळची वाट बघू नका. १०८ ला फोन करा, आमचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय रात्रीही उघडं असतं.

तीळ-गूळ आपल्याकडचा कितीही चांगला असो, त्यानं थांबलेली पाळी येत नाही, आणि पपईनंही नाही. जातात ते फक्त दिवस. मूल हवं असेल तर फॉलिक ॲसिड याच दिवसांत लागतं, कारण बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चारेक आठवड्यांत बंद होते. मूल नको असेल तरी उशीर परवडत नाही. १९७१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारला, त्यात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर गर्भपात करता येतो. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, लग्न न झालेलीलाही हा मार्ग आहे, आणि नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. गर्भपाताच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी देत नाही, कितीही गयावया केली तरी. नळीतला गर्भ गोळ्यांनी जात नाही. उलट रक्त गेलं की बाईला वाटतं झालं.

राहिलं अंगावर पाजणाऱ्या आईचं. बाळ सहा महिन्यांच्या आतलं, रात्रंदिवस फक्त आईचंच दूध, आणि पाळी अजून सुरू झालेली नाही, या तिन्ही गोष्टी एकदम असतील तरच भरवसा बराच. वरचं सुरू केलं की तो संपला. आणि बीज पहिल्या पाळीच्या आधीच सुटू शकतं, त्यामुळे पाळी न येताही दिवस जाऊ शकतात.

किट ५०-६० रुपयांना मिळतं. तेवढेही द्यायचे नसतील तर आपल्या भागातल्या आशाताईंना विचारा, त्यांच्याकडे सरकारी ‘निश्चय’ किट असतं, फुकट. आणि दुकानात गर्दी असली, सासरा-दीर शेजारी उभे असले, तोंडानं मागायची लाज वाटली, तर चिठ्ठीवर लिहून द्या. मी कागदात गुंडाळून देते, आणि तारखेचा हिशेब पाकिटावर लिहून.