बॅरन बेटावरचा लाल ठिपका : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. अंदमानातल्या बॅरन बेटाच्या ज्वालामुखीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, ‘गंगापूर रोडवर बसून लॅपटॉपवरचे लाल ठिपके मोजायचे आणि त्याला ज्वालामुखीचा अभ्यास म्हणायचं? तो लाल रंगही खोटा, कॉम्प्युटरने भरलेला. त्यापेक्षा पांडवलेण्यांवर जाऊन खडक हाताने चाचपा.’ बोचलं, म्हणून सविस्तर लिहितो.

रंगाचं आधी, कारण तिथे चूक माझी. लेखातल्या उपग्रहचित्राखाली मी नुसतं ‘लाव्हा’ लिहून मोकळा झालो होतो. आज ती ओळ बदलली. सेंटिनेल-२ उपग्रह डोळ्यांना न दिसणारे २.२ मायक्रॉनच्या आसपासचे इन्फ्रारेड किरण टिपतो, त्यांना चित्रात लाल रंग दिलेला असतो. रंग उसना आहे, कबूल. उष्णता मात्र तिथलीच. हजार अंश सेल्सिअसला तापलेला खडक सर्वाधिक ऊर्जा फेकतो ती याच पट्ट्यात. म्हणून चित्रातल्या २० मीटरच्या एका चौकोनात दोन-तीन मीटरचं तापलेलं तोंड असलं, तरी अख्खा चौकोन पेटल्यासारखा दिसतो. अर्थात त्यामुळेच ठिपका मोठा म्हणून लाव्हाही तेवढा पसरलाय, असं म्हणता येत नाही. हा आक्षेप तुम्ही घेतला असतात तर माझी पंचाईत झाली असती!

आता प्रत्यक्ष जाण्याबद्दल. बॅरन बेट पोर्ट ब्लेअरपासून (आताचं श्री विजयपुरम) सुमारे १४० किलोमीटरवर, मनुष्यवस्ती शून्य. दीडशेहून अधिक वर्षं गप्प राहून तिथला ज्वालामुखी १९९१ मध्ये जागा झाला. २३ जानेवारी २०१७ ला गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दिवसा त्याची राख आणि अंधार पडल्यावर उसळणारा लाव्हा पाहिला. पण ते तिथे गेले होते समुद्रतळाचे नमुने घ्यायला. असा योग वर्षातून किती वेळा यावा? उपग्रह दर पाच दिवसांनी फिरकतो. दक्षिण अटलांटिकमधल्या साँडर्स बेटावर, माउंट मायकेल ज्वालामुखीच्या तोंडात लाव्हाचं तळं आहे हे २०१९ मध्ये उपग्रहचित्रांवरूनच पक्कं झालं. तोवर त्या तोंडापर्यंत कुणी पोचलेलंच नव्हतं.

ढग आले की मात्र हा डोळा मिटतो. ऑक्टोबर छाटणीनंतर दिवसातून चारदा ढगांचं चित्र बघणाऱ्या आपल्या नाशिकच्या द्राक्षबागायतदारांना ते सांगायला नको. ठिपका नाही म्हणजे ज्वालामुखी शांत, असं समजू नये. पावसाळ्यात तर नाहीच. अशा वेळी ढगांच्या आरपार आणि अंधारातही पाहणारं रडार लागतं. २२ डिसेंबर २०१८ च्या रात्री इंडोनेशियात अनाक क्राकाटोआ ज्वालामुखीची एक बाजू समुद्रात कोसळून त्सुनामी आली. वर ढग, खाली अंधार, तरी सेंटिनेल-१ च्या रडारने काही तासांतच तुटलेला डोंगर दाखवला. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेलेला निसार उपग्रहही रडारवालाच.

पांडवलेण्यांवर मी येतो, रविवारी सकाळी सातला पायथ्याशी भेटू. तिथला बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेलाय, बिनधास्त हात लावता येतो.